‘उत्तर सांगा, चर्चा नको’

धर्मशिक्षणाचा विषय निघाला की आमच्या वसईतल्या कॅथलिक घरांत एक मत हटकून ऐकू येतं. लग्नाच्या मांडवात, पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात. अकरावी-बारावीच्या मुलांना नीती शिकवायची असेल तर चर्चा, वादविवाद, ‘तुला काय वाटतं’ हे प्रकार बंद करा. बरोबर काय, चूक काय ते सरळ सांगा, दहा आज्ञा पक्क्या करून घ्या आणि पोरांना अभ्यासाला मोकळं करा. हे म्हणणारे धर्माचे विरोधक नसतात, रविवार न चुकवणारी माणसं असतात. बाहेरच्या टीकाकाराला उत्तर देणं त्या मानाने सोपं.

त्यांची बाजू आधी नीट मांडतो. सोळा-सतराचं वय कच्चं असतं. मोबाइलवरून आधीच नाना मतं कानावर आदळतात, त्यात वर्गातही शंका पेरल्या तर मुलं हाताबाहेर जातील. शिवाय चर्चची नैतिक शिकवण बदलत नाही. जे ठरलेलंच आहे त्यावर चर्चेचं नाटक करणं ही मुलांची फसवणूक आहे. त्यातून ‘आपल्या सदसद्विवेकबुद्धीला विचार’ असं एकदा सांगून ठेवलं की जो तो स्वतःच्या सोयीचा पोप होतो. आणि सर्वांत कळकळीचा मुद्दा शेवटी येतो: वेळ आहे कुठे? नीट, जेईई, सीईटी, बारावीचा बोर्ड. या रगाड्यात आठवड्याचा एक तास मिळाला तरी नशीब, तो शब्दांचा कीस पाडण्यात घालवायचा का?

वेळेपासूनच सुरुवात करतो, कारण हा वेळ कसा वाचवला जातो ते सगळ्यांना माहीत आहे. प्रवेश कनिष्ठ महाविद्यालयात, शिकणं खाजगी क्लासात, आणि हजेरी कागदावर. ‘इंटिग्रेटेड’ असं त्याचं गोंडस नाव. मुलगा कॉलेजात प्रॅक्टिकलपुरता उगवतो, वर्षाअखेरीस त्याची हजेरी मात्र नियमात बसलेली असते. पालकांना हे ठाऊक असतं, क्लासवाल्यांना असतं, कॉलेजला तर असतंच. कॅथलिक घरं याला अपवाद नाहीत. खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा त्या मुलाला झोपेतून उठवून विचारली तरी म्हणता येते, पण आपण दोन वर्षं एका खोट्या साक्षीच्या आत राहतो आहोत हे त्याच्या मनातही येत नाही. पापनिवेदनाला जाताना तो घरातलं भांडण आठवतो, मनातले घाणेरडे विचार आठवतो. हजेरीपट आठवत नाही.

पाठांतर कुठे थांबतं ते इथे दिसतं. नियम माहीत असणं आणि समोरची गोष्ट त्या नियमात बसते हे ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम सरावानेच येतं. हजेरीचंच उदाहरण वर्गात घ्या. फसवणूक नेमकी कोणाची झाली? सही न केलेल्या मुलाचा त्यात वाटा किती? सगळेच करतात म्हणून दोष कमी होतो का? आई-वडिलांनी ठरवलं असेल तर जबाबदारी कोणाची? कॅथलिक नीतिशास्त्रात या प्रश्नांना शतकांची परंपरा आहे. दुसऱ्याच्या चुकीत आपण कोणत्या अंशाने सहभागी होतो याचा किती बारीक विचार अठराव्या शतकात संत अल्फोन्सस लिगोरींनी करून ठेवला! त्यांना १९५० साली पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आणि नीतिशास्त्रज्ञांचे आश्रयदाते संत ठरवण्यात आलं. हा सगळा ठेवा कुलपात ठेवून मुलांच्या हाती नुसती यादी द्यायची आणि वर परंपरा जपली म्हणायचं, हा अजब न्याय आहे.

परंपरेचं नाव निघालंच आहे तर संत थॉमस अक्विनास यांचा ‘सुम्मा’ उघडून पाहावा. प्रत्येक विषयाची सुरुवात विरोधकाच्या म्हणण्याने होते. देव आहे का, या प्रश्नाखाली पहिलं काय छापलेलं आहे? देव नाही असं दाखवणारे आक्षेप, आणि त्यात जगातल्या दुष्टाव्याचा आक्षेप अगदी पहिला, सौम्य न करता. मग उलट बाजू, मग थॉमस यांचं स्वतःचं उत्तर, मग एकेका आक्षेपाला जबाब. आणि हा ग्रंथ कोणासाठी? प्रस्तावनेत ते सांगतात की नवशिक्यांसाठी. तेराव्या शतकातल्या नवशिक्यांना जे झेपेल असं चर्चच्या सर्वांत मोठ्या तत्त्वज्ञाला वाटलं, ते एकविसाव्या शतकात इंटिग्रल कॅल्क्युलस सोडवणाऱ्या मुलीला झेपणार नाही असं आपण ठरवून टाकलं आहे.

मराठीतही दूर जायला नको. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालचं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. त्यातही ऐकणारे मुकाट बसत नाहीत. मध्येच शंका विचारतात आणि पाद्री गुरू उत्तर देतात. नवख्या ख्रिस्ती श्रोत्यांना चारशे वर्षांपूर्वी विचारण्याची मुभा होती.

आता ‘शिकवण बदलत नाही’ या मुद्द्याकडे. हा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धसत्य म्हणूनच तो घातक ठरतो. काही कृत्यं कोणत्याही हेतूने, कोणत्याही परिस्थितीत चूकच, हे चर्च ठामपणे मानतं; पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९३च्या ‘व्हेरितातिस स्प्लेंदोर’ या विश्वपत्रात ते पुन्हा बजावलं. निरपराध माणसाचा हेतुपुरस्सर जीव घेणं हे त्यातलं उघड उदाहरण. पण फाशीचं काय? चर्चच्या शिकवणीचा अधिकृत संग्रह असलेल्या १९९२च्या ‘कॅटेकिझम’ने अत्यंत गंभीर गुन्ह्यांसाठी फाशीचा राज्याचा अधिकार नाकारला नव्हता. २०१८च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांनी तो परिच्छेद बदलला आणि आता फाशी अमान्य आहे. धर्मस्वातंत्र्याचं काय? १८६४ साली पोप नववे पायस ज्या गोष्टींना चुकांच्या यादीत घालत होते, त्यांच्याशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावर जे जाहीर केलं ते जुळवून दाखवताना भल्याभल्या ईशज्ञान्यांना घाम फुटतो. खोट्याची व्याख्यासुद्धा पाहा. सत्य जाणण्याचा हक्क असलेल्या माणसाला फसवणं म्हणजे खोटं बोलणं, अशा अर्थाची व्याख्या १९९२च्या आवृत्तीत होती. १९९७च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत ‘हक्क असलेल्या’ हा भाग गेला. तळघरात लपवलेल्या ज्यूंबद्दल दारात उभ्या नाझी सैनिकाला काय सांगायचं, हा प्रश्न त्या दोन-तीन शब्दांत दडलेला आहे आणि तो आजही मिटलेला नाही.

यावर आपले ज्येष्ठ म्हणतील, ही भानगड मुलांना सांगायचीच कशाला? कारण ती त्यांना सापडणारच आहे. वर्गात ‘काहीही बदलत नाही’ असं ऐकलेला मुलगा बसमध्ये बसल्या बसल्या मोबाइलवर २०१८ची बातमी वाचेल. मग त्याला वाटेल, फाशीबाबत मला खोटं सांगितलं, तर बाकीचं तरी खरं कशावरून? जे बदललं नाही त्यावरचा विश्वासही तो सोबत टाकून देईल. कोणत्या गोष्टी मुळातल्या, कोणत्या काळाच्या ओघात अधिक नीट समजलेल्या आणि कोणत्या अजून वादातल्या, हे समजावून सांगणारा शिक्षक त्याला शंकेत ढकलत नाही. शंका येणारच आहे. ती आली तेव्हा जवळ कोणी होतं का, एवढंच आपल्या हातात असतं.

सदसद्विवेकबुद्धीबद्दलची भीती सर्वांत खोल आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

अक्विनास विचारतात, माणसाची बुद्धी चुकली असेल आणि तो तिच्याविरुद्ध वागला तर? त्यांचं उत्तर आजही दचकवतं. चुकलेल्या बुद्धीविरुद्ध वागणं हेही पापच. उदाहरणही त्यांनी मुद्दाम टोकाचं घेतलं आहे. ख्रिस्तावर विश्वास ठेवणं चांगलंच, पण एखाद्याची बुद्धी त्याला ते वाईट म्हणून दाखवत असेल, तर वाईट समजून तिकडे वळणारी त्याची इच्छा वाईटच. एका कॅथलिक संताने हे लिहिलं आहे! आपल्यातले चर्चाविरोधक इथेच पुस्तक मिटतात, आणि उलट टोकाचे ‘मनाला पटेल ते करा’वालेही इथेच मिटतात. पुढचाच परिच्छेद दोघांनीही वाचायला हवा. मग चुकलेल्या बुद्धीप्रमाणे वागलं की माणूस सुटला का? नाही. ती चूक त्याच्या आळसातून, बेपर्वाईतून, जाणून घ्यायची तसदी न घेतल्यातून आली असेल तर तो दोषीच. विवेकाचं ऐकायचं हे बंधन आहे आणि विवेक घडवायचा हेही. आजच्या कॅटेकिझमनेही दोन्ही बंधनं एकाशेजारी एक ठेवली आहेत. स्वतःच्या सोयीचा पोप होणारा माणूस दुसरं बंधन मोडतो. मुलांना नुसती उत्तरं देणारा शिक्षक ते पाळायची संधीच त्यांना देत नाही.

दोन्ही बंधनं पाळणारा माणूस कसा असतो ते पाहा. फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड गावचा शेतकरी. चर्चमध्ये देवघरसेवेचं काम करणारा, तीन लहान मुलींचा बाप. १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला तेव्हाच्या सार्वमतात गावात विरोधी मत देणारा हा एकटा. पुढे सैन्यात जायची वेळ आली तेव्हा त्याने ठरवलं की हे युद्ध अन्यायाचं आहे आणि मी त्यात लढणार नाही. तो एकटाच विचार करत बसला नाही. धर्मगुरूंकडे गेला, लिन्झच्या बिशपांना भेटला. बिशपांनी त्याला कुटुंबाच्या जबाबदारीची आठवण करून दिली. युद्ध न्याय्य की अन्याय्य हे ठरवणं त्याच्यासारख्या सामान्य माणसाचं काम नाही, असा त्यांचा सूर होता. त्याने ऐकून घेतलं, पुन्हा विचार केला आणि नकार कायम ठेवला. रुग्णसेवेचं काम करायला तो तयार होता, पण ते देण्यात आलं नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. युद्धानंतरही बरीच वर्षं गावात त्याच्याकडे बायकामुलांना वाऱ्यावर सोडणारा हट्टी माणूस म्हणून पाहिलं गेलं. २००७ साली त्याच लिन्झमध्ये चर्चने त्याला धन्यवादित घोषित केलं. त्याची पत्नी फ्रान्झिस्का तेव्हा हयात होती आणि सोहळ्याला हजर होती.

आता सांगा, ‘उत्तर सांगा’ पद्धतीच्या वर्गात फ्रान्झला काय उत्तर मिळालं असतं? चौथ्या आज्ञेखाली वरिष्ठांची आज्ञा पाळ. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाप्रमाणे सत्तेच्या अधीन राहा. संसाराकडे बघ. ही सगळी उत्तरं पुस्तकातलीच, आणि ती त्याला दिलीही गेली. ती बाजूला सारताना त्याने ‘मला असं वाटतं’ एवढ्यावर भागवलं नाही. तुरुंगातून त्याने लिहिलेल्या पत्रांत आणि टिपणांत बायबल आहे, आज्ञा आहेत, दुसऱ्याच्या पापातल्या वाट्याचा विचार आहे. शाळेपुरतंच शिकलेल्या त्या शेतकऱ्याने नीतिशास्त्राचं खरं काम केलं. आपल्या बारावीच्या मुलांना ते काम जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी त्याला धन्यवादित ठरवणाऱ्या चर्चच्या निर्णयाचं काय करायचं तेही सांगावं.

फ्रान्झ लांबचा वाटत असेल तर मुंबईतलं उदाहरण घ्या. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३च्या नोव्हेंबरमध्ये अमानुष हल्ला झाला आणि त्या पुन्हा भानावर आल्या नाहीत. त्यांना सन्मानाने मरू द्या, असा अर्ज पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो फेटाळला, पण उपचार काढून घेण्याची वाट काही अटींवर मोकळी केली. अरुणांना वर्षानुवर्षे भरवणाऱ्या, न्हाऊमाखू घालणाऱ्या केईएमच्या परिचारिका अर्जाच्या विरोधात होत्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेल्या.

कॅथलिक मुलाला याबद्दल विचारलं तर तो म्हणेल, इच्छामरण हे पाप आहे. बरोबर. मग व्हेंटिलेटर काढणं? पोप बारावे पायस यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितलं होतं की जीव वाचवण्यासाठी नेहमीचे उपाय करायलाच हवेत, पण आवाक्याबाहेरचे, असह्य ओझं टाकणारे उपाय करण्याची सक्ती नाही. मग नळीने अन्न देणं हे नेहमीचं की असाधारण? पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ साली सांगितलं की ते तत्त्वतः नेहमीच्या शुश्रूषेतच मोडतं. त्यावर कॅथलिक डॉक्टर आणि ईशज्ञानी यांच्यात पुष्कळ खल झाला आणि २००७ साली रोमने पुन्हा स्पष्टीकरण दिलं. ‘इच्छामरण पाप’ या दोन शब्दांपलीकडे एवढं सगळं आहे. आणि ज्यांना हे शिकायचं आहे त्यांतली एखादी मुलगी दोन वर्षांत नर्सिंग किंवा एमबीबीएसला जाणार आहे. वसईतली कितीतरी कॅथलिक घरं परिचारिकांच्या पगारावर उभी राहिली आहेत. रात्रपाळीला कोणाचं तरी मशीन बंद करायचा कागद तिच्या हातात येईल, तेव्हा तिला दहा आज्ञांचा क्रम नको असेल. विचार कसा करायचा ते हवं असेल.

एक गोष्ट जाता जाता. नीतीच्या वर्गाला चर्चा नको म्हणणाऱ्यांना सहाव्या आज्ञेबद्दल मात्र भरपूर बोललेलं चालतं. मुलींच्या कपड्यांवर तास जातात. सातव्या आज्ञेवर, म्हणजे चोरीवर, जेमतेम दहा मिनिटं, तीही पेन्सिली चोरण्यापुरती. वसईच्या पट्ट्यात वाडीची जमीन कोणाला विकली, विहिरीचं पाणी टँकरने कुठे गेलं, नाला कोणी बुजवला, या गोष्टी जणू नीतिशास्त्राबाहेरच्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी बिल्डर आणि राजकारणी यांच्याशी उघड भांडण मांडलं, ते धर्मगुरू असल्यामुळे की असूनही? मजुरांच्या हक्कांवरचं ‘रेरुम नोवारुम’ १८९१ सालचं, पर्यावरणावरचं ‘लाउदातो सी’ २०१५ सालचं. या विश्वपत्रांची नावं किती धर्मशिक्षणाच्या वर्गांत ऐकू येतात? नुसत्या आज्ञांच्या यादीवर काम भागवलं की यादीतलं सोयीचं तेवढं मोठ्याने वाचायची मोकळीक मिळते.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र मी बिनशर्त मान्य करतो. चर्चेच्या नावाखाली चालणारा टाइमपास खरोखर वाईट. अमेरिकेत १९६० आणि १९७०च्या दशकांत ‘मूल्यस्पष्टीकरण’ नावाची एक लाट आली होती: शिक्षकाने आपलं मत सांगायचं नाही, मुलांनी आपापली मूल्यं ओळखायची, आणि प्रत्येकाचं उत्तर त्याच्यापुरतं बरोबर. तशा तासानंतर मुलं जेवढी हुशारीने बोलतात तेवढीच आधीसारखी वागतात. ज्या चर्चेला शेवट नाही ती शिकवणं नव्हे. अक्विनास आक्षेप मांडून थांबत नाहीत. ‘माझं उत्तर असं’ म्हणून पुढे जातात. वर्गातही चर्चची भूमिका काय आणि कोणत्या कारणांनी, ते शिक्षकाने न कचरता सांगायलाच हवं. माझा विरोध उत्तराला नाही, कारणांशिवाय दिलेल्या उत्तराला आहे.

दुसऱ्या बाजूने येणारी सूचनाही इथेच निकालात काढतो. काहीजण म्हणतात, धर्म बाजूला ठेवा, सगळ्यांना एकच मूल्यशिक्षण द्या. मिश्र वर्गात हे ठीक. संविधानाच्या अनुच्छेद २८ प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण कॅथलिक मुलाला स्वतःच्या परंपरेचं नीतिशास्त्र शिकवायचं सोडून ‘प्रामाणिकपणा, वक्तशीरपणा, स्वच्छता’ अशा फलकांवर भागवणं ही वेगळी उपासमार आहे. त्या फलकांत येगरश्टेटर मावत नाही.

राहता राहिला शिकवणार कोण, हा प्रश्न. दृढीकरणाचा संस्कार झाला की धर्मशिक्षण संपलं असं बऱ्याच घरांत धरलं जातं, आणि कॉलेजच्या मुलांसाठी वर्ग असलाच तर तो बहुधा एखाद्या दमलेल्या, तरुण फादरांच्या गळ्यात पडतो. पण पॅरिशमध्ये अतिदक्षता विभागात काम केलेल्या परिचारिका आहेत, वकील आहेत, बँकेत कर्जाच्या फायली पाहून निवृत्त झालेले लोक आहेत. त्यांना महिन्यातून एकदा बोलवा आणि एकच खरं प्रकरण घेऊन यायला सांगा. फादरांनी शेजारी बसून शिकवण सांगायची. वर्षाला आठ-नऊ प्रकरणं झाली तरी पुरे.

आणि परीक्षा हवीच असेल तर ती अक्विनास यांच्या पद्धतीने घ्यावी. मुलाने आधी विरोधकाचा सर्वांत भक्कम आक्षेप लिहायचा, विरोधकालाही ‘हेच मला म्हणायचं होतं’ असं वाटेल इतक्या प्रामाणिकपणे. मग उत्तर. पहिल्या प्रश्नपत्रिकेसाठी विषय तयार आहे: सोळा वर्षांच्या मुलांना नीतिशास्त्रात चर्चा शिकवावी का? ‘उत्तर सांगा, चर्चा नको’ म्हणणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना त्या उत्तरपत्रिका तपासायला बसवा. आपल्या बाजूचा पहिला परिच्छेद मुलांनी नीट मांडला आहे की नाही, हे त्यांच्याइतकं चांगलं कोण सांगेल?